ओल्ड-स्कूल रेव्हला पहिल्यांदा जाताय? आधी टाइमटेबल बघा, मग बूट

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन घोळ घातले. पायात नवे कोरे चामड्याचे बूट, आणि पोचलो रात्री दीड वाजता. मला वाटलं रेव्ह म्हणजे रात्रभर इलेक्ट्रॉनिक म्युझिकवर नाचायची पार्टी, मध्यरात्रीनंतरच रंगणार, आधी जाऊन करायचंय काय. दारावरच्या माणसाने शांतपणे तिकिटाचा मेल बघितला आणि बोटाने खालची ओळ दाखवली, शेवटची एंट्री 1 वाजता. आतून बेस ऐकू येतोय, भिंत थरथरतेय, आणि मी वरातीमागून घोडं घेऊन फुटपाथवर. बूट मात्र चकाचक राहिले त्या रात्री, तेवढंच समाधान.

त्यानंतर बऱ्याच रात्री झाल्या, त्यामुळे आता जरा हक्काने सांगतो. हे सगळं ब्रिटनमधल्या ओल्ड-स्कूल नाइट्सबद्दल, म्हणजे जुन्या काळातलं रेव्ह म्युझिक वाजवणाऱ्या रात्रींबद्दल आहे, कारण हा प्रकार मुळात तिथलाच. म्युझिकचं बी अमेरिकेतलं, शिकागोचं हाऊस आणि डेट्रॉइटचं टेक्नो, पण 1987-88 मध्ये ते लंडन-मँचेस्टरच्या क्लबांत रुजलं आणि मग कोठारं, एअरफिल्ड, शेतं असं जिथे जागा मिळेल तिथे पसरलं. आज जे इव्हेंट होतात ते रीतसर लायसन्सवाले, क्लबात, जुन्या गोदामात नाहीतर मोठ्या हॉलमध्ये. आलेल्यांत अर्धे लोक तेव्हा वीस वर्षांचे होते ते, म्हणजे आता पन्नाशी पार केलेले, आणि उरलेले त्यांची पोरं शोभतील असे. कोणी कोणाकडे वाकड्या नजरेने बघत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे अर्धं टेन्शन जाईल.

आता मुख्य गोष्ट. पोस्टरवर कोणाचं नाव मोठं, कोणाचं बारीक, ते सोडून द्या. सेट टाइम्स बघा. ते बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी येतात आणि त्यात कोण किती वाजता वाजवणार एवढंच असतं, पण वाचता आलं तर तो तुमच्या अख्ख्या रात्रीचा स्पीडोमीटर असतो. कारण चांगल्या ओल्ड-स्कूल रात्रीत म्युझिक बऱ्याचदा इतिहासाच्याच क्रमाने चढत जातं. सुरुवातीला 1988-89 चं अॅसिड हाऊस, मिनिटाला 120-125 ठोके, चालता चालता नाचता येईल असं. मग 1991-92 चं ब्रेकबीट हार्डकोर, 130 पासून 150 पर्यंत. मग 1993-94 चं जंगल, 160 च्या वर. आणि पहाटे, अंगात काही उरलं असेल तर, हॅपी हार्डकोर 170 च्या आसपास. म्हणजे तुम्ही जसे थकत जाता तसं म्युझिक पळत सुटतं. जो माणूस पहिल्या तासातच उड्या मारून मोकळा होतो तो जंगल सुरू होताना भिंतीला टेकून बसलेला असतो, हे मी स्वतःवरून सांगतोय.

म्हणून लवकर जा, अगदी दारं उघडल्यावर तासाभरात. फ्लोअर अर्धा रिकामा असतो, सिस्टिमचा आवाज मोकळा येतो, आणि अॅसिड ऐकायची तीच खरी वेळ. तो चिर्रर्र-चुइंक करत वळवळणारा आवाज येतो ना, तो एका छोट्या चंदेरी डब्याचा आहे, रोलँड टीबी-303. 1981 मध्ये कंपनीने तो काढला तो एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी साथीला बेस मिळावा म्हणून, आणि त्यातून येणारा बेस काही कोणाला खरा वाटेना, 1984 पर्यंत बंद पडला. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागला. शिकागोच्या फ्युचर नावाच्या ग्रुपच्या पोरांनी तो चालू ठेवून नुसती बटणं पिळली आणि 1987 च्या त्यांच्या रेकॉर्डमधून अॅसिड हाऊस जन्माला आलं. फसलेल्या मशीनवर अख्खी रात्र उभी आहे, मला तर हे भारी वाटतं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात मजा 1991-92 च्या सेटला. त्यात एकाच गाण्यात सगळं कोंबलेलं असतं, खाली छातीत वाजणारा सब-बेस, वर फास्ट केलेले ड्रमचे तुकडे, मध्ये उंदरासारख्या बारीक आवाजात गाणारी बाई. तो आवाज तसा का, तर सँपलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या मशीनमध्ये, गाणं फास्ट केलं की सूरही वर चढायचा, दोन्ही वेगळं करणं तेव्हा सोपं नव्हतं, मग लोकांनी म्हटलं राहू दे, छान वाटतंय. आणि व्हॅक्यूम क्लीनर चालू केल्यासारखा घूंऽऽ असा एक आवाज येतो, त्याला लोक हूव्हरच म्हणतात, तो रोलँडच्या अल्फा जुनो सिंथेसायझरमधला. ड्रमचे तुकडे बरेचसे 1969 च्या एका सोल रेकॉर्डमधले, द विन्स्टन्स नावाच्या बँडचा ड्रमर जेमतेम सात सेकंद एकटा वाजवतो, तेवढाच तुकडा हजारो ट्रॅकमध्ये कापून-जोडून वापरलाय. त्याला अमेन ब्रेक म्हणतात. एकदा कानात बसला की दर दहा मिनिटांनी ओळखू येतो आणि बाजूच्याला कोपर मारून सांगावंसं वाटतं. सांगू नका, त्याला माहितीये.

आणि पियानो. हे लक्षात ठेवा, कारण यासाठीच लोक येतात. ड्रम एकदम थांबतात, लेझर बंद होतात, क्षणभर सगळ्यांचे श्वास ऐकू येतात असं वाटतं आणि मग तो ठणठणीत, जरा बेसूर वाटावा इतका चकचकीत पियानो सुरू होतो. एका रात्री माझ्यासमोर एक टक्कल पडलेला, गुडघ्याला निळा सपोर्ट बांधलेला काका उभा होता, पांढरे हातमोजे घालून, तासभर बिचारा नुसता मान हलवत होता. पियानो आला आणि त्याने दोन्ही हात हळूहळू वर नेले, बोटं पूर्ण पसरली, अल्ट्राव्हायोलेट लाइटमध्ये माणूस दिसेनासा होऊन फक्त दोन पांढरे पंजे अंधारात तरंगताना दिसत होते. मग ड्रम आदळले आणि पंजे गायब. काका गर्दीत पूर्ण गप्प. मला वाटतं त्या तीस सेकंदांसाठी तो तिकिटाचे पैसे देतो.

बरं, तयारी. बूट म्हणजे ट्रेनर्स, वापरून सैल झालेले, जे खराब झाले तरी चालतील असे. फ्लोअर दोन वाजेपर्यंत सांडलेल्या ड्रिंकने चिकट होतो, पाऊल उचलताना चट् चट् आवाज येतो, आणि कोणाची तरी टाच तुमच्या अंगठ्यावर पडणारच. कपडे सैल आणि सुती, वर एक लेयर जो काढून कमरेला बांधता येईल, कारण आत घामाने भिजणार आणि पहाटे बाहेर आलात की इंग्लंडची थंडी त्या ओल्या टी-शर्टमधून थेट हाडात जाते. स्मायलीचा टी-शर्ट, बकेट हॅट, भडक रंगाचं ट्रॅकसूट, हौस असेल तर घाला, सक्ती काहीच नाही. ग्लोस्टिक बहुतेक ठिकाणी चालते. शिट्टी आणि एअर हॉर्नचं मात्र इव्हेंटच्या नियमांत आधी बघा, ते गॅसवाले हॉर्न कधी कधी दारावर जमा करून घेतात.

बॅग मोठी नकोच. कमरेचा पाऊच बेस्ट, पुढे घ्यायचा, मागे नाही. त्यात फोन, कार्ड, थोडी कॅश, चुइंगम, घराची किल्ली, फोटो आयडी. आयडी म्हणजे पासपोर्ट नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स, फोनमधला फोटो दाखवला तर हसतील आणि परत पाठवतील. चाळिशीचे दिसत असाल तरी घ्या. तिकिटं संपली असतील तर फक्त इव्हेंटने दिलेल्या अधिकृत रीसेलवरून घ्या, सोशल मीडियावर 'फ्रेंड येऊ शकत नाहीये' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवले की पैसेही गेले आणि फ्रेंडही. रोजची गोळी लागत असेल तर तिच्या मूळ पाकिटात, नावाच्या लेबलसकट न्या, सुट्या गोळ्या दारावरच्या झडतीत निघाल्या तर समजावत बसावं लागतं. झडती होतेच. खिसे रिकामे करायला लावतात, कधी कुत्रा असतो. सहकार्य करा, दोन मिनिटांत आत.

इअरप्लग. इथे मी थोडा लेक्चर देणार आहे, सहन करा. 85 डेसिबल आवाज आठ तास ऐकला की कानाची दिवसभराची मर्यादा संपते, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. आणि स्पीकरजवळ 100 म्हणजे काहीच नाही. मी पहिल्या दोन-तीन वेळा 'आवाजच तर ऐकायला आलोय' म्हणून मिरवलो आणि सोमवारी मीटिंगमध्ये कानात बारीक शिट्टी वाजत होती, कोण काय बोलतंय पत्ता नाही. फोमचे पिवळे प्लग आवाज बुजवून टाकतात, म्युझिक गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा म्युझिकसाठीचे फिल्टरवाले घ्या, रबरी, लहानशा झाडासारखे दिसतात, सगळी पट्टी सारखी खाली आणतात त्यामुळे हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजसुद्धा स्वच्छ ऐकू येते. कान वर ओढून मग घालायचा, म्हणजे नीट बसतो. आत शिरायच्या आधी घाला, तासाभराने नाही. आणि एक जोडी जास्तीची, कारण तुमच्या ग्रुपमधला एक जण विसरणारच आहे.

आत गेलात की लगेच नाचायला पळू नका. कोट क्लोकरूमला द्या, तिकिटाचा फोटो काढा. मग एक चक्कर मारा, टॉयलेट कुठे, पाण्याचा नळ कुठे, बाहेर जायची दारं कुठे, सिगारेटचं अंगण कुठे, मेडिकल किंवा वेल्फेअरची खोली कुठे. ग्रुपने भेटायची जागा ठरवा आणि ती हलणारी नसावी, 'त्या हिरव्या टोपीवाल्याच्या शेजारी' चालत नाही, हा प्रयोगही करून झालाय. हजारभर लोक जमले की फोनचं नेटवर्क झोपतं, मेसेज एक तासाने पोचतो, म्हणून 'दर दोन तासांनी नळाजवळ' असं ठरवलेलं बरं.

उभं कुठे राहायचं? बेस बिनच्या, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरच्या, तोंडाशी नाही. सगळ्यात चांगला आवाज साउंड इंजिनिअरच्या टेबलाच्या थोडं पुढे मिळतो, कारण तो स्वतः जिथे बसलाय तिथे ऐकूनच सगळं लावतो. तिथे गर्दीही जरा कमी रेटते.

नाचायचं कसं हा प्रश्न मला खूप जण विचारतात, आणि उत्तर ऐकून निराश होतात, कारण स्टेप्स अशा काही नसतातच. अॅसिड हाऊसला गुडघे थोडे सैल सोडून जागच्या जागी, हात आपले आपण हलतात. हार्डकोरला जागच्या जागी धावल्यासारखं. जंगल आलं की मात्र नवीन माणूस फसतो, 160 च्या ड्रमच्या मागे धावायला जातो आणि पाच मिनिटांत दम. युक्ती अशी की ड्रम सोडून द्या, बेस ऐका. बेस अर्ध्या वेगाने चाललेला असतो, 80 च्या आसपास, रेगेसारखा डुलत. तुम्ही बेसवर डुला, वरचा गोंधळ वरच राहू दे. असं दोन तास सहज निघतात. आणि दर तासाला दहा मिनिटं बाहेर, बसा, पोटऱ्या ताणा. लाजू नका, अंगणातल्या कठड्यावर पन्नाशीतले चार जण तेच करत असतात आणि गप्पा तिथेच मिळतात. 1989 मध्ये फोन नंबरवर रेकॉर्ड केलेला पत्ता ऐकून एम25 हायवेच्या सर्व्हिस स्टेशनवर गाड्यांची रांग कशी लागायची, पोलीस एका बाजूने आणि ताफा दुसऱ्या बाजूने कसा निघायचा, हे मी पहिल्यांदा अशाच एका कठड्यावर ऐकलं. मीठमसाला किती होता देव जाणे.

तिथेच 1992 चंही ऐकायला मिळेल. मे महिन्यात वुस्टरशरच्या कॅसलमॉर्टन कॉमनवर आठवडाभर फुकट रेव्ह चालला, 20 हजार ते 40 हजार लोक आले असे अंदाज आहेत, आणि सरकार हादरलं. मग 1994 चा क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायदा आला, ज्यात उघड्यावरचे रेव्ह पोलिसांना बंद करता यावेत म्हणून म्युझिकची व्याख्याच दिली, एकामागून एक येणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या ठोक्यांचे आवाजही त्यात धरले. कायद्यात चक्क बीट! जुन्या मंडळींच्या टी-शर्टवर ते शब्द छापलेले दिसले तर आता जोक कळेल.

एमसी, म्हणजे माइकवर गर्दीला चेतवणारा माणूस, असेल तर तो सारखा बोलत राहील, कोणाला आवडतं, मला अर्धा वेळ डोकं उठतं, पण गर्दी त्याला उत्तर देते तेव्हा द्या तुम्हीही. एखादा ट्रॅक सुरू झाला झाला आणि सगळे ओरडायला लागले, शिट्ट्या, हॉर्न, आणि डीजेने रेकॉर्ड हाताने मागे ओढून पुन्हा पहिल्यापासून लावली, तर काही बिघडलेलं नाही, त्याला रिवाइंड म्हणतात, गर्दीने मागितलेला वन्स मोअर. रेकॉर्डच म्हणतोय कारण बरेच जण अजून विनाइलच वाजवतात, टेक्निक्सच्या टर्नटेबलवर, वेग जास्तीत जास्त आठ टक्के वर-खाली. दोन ट्रॅक जुळवताना थोडी गडबड झाली, घोडे टापा टाकत गेल्यासारखं वाजलं, तर नाक मुरडू नका. खालून बेस टेबल हलवतोय आणि वर त्याला सुई जागेवर ठेवायचीय. फोन वर धरून अख्खा सेट शूट करणं इथे फार आवडत नाही कोणाला, एक क्लिप घ्या आणि ठेवा खिशात.

पाणी. इंग्लंड-वेल्समध्ये दारूचं लायसन्स असलेल्या जागेला मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, सो बाटलीला पैसे मोजायची गरज नाही, बारवर सरळ मागा. नाचत असाल तर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास, घोट घोट. उगाच भीतीने दोन लिटर एकदम ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानेही माणसं दगावलीयेत. ड्रग्जबद्दल सरळ बोलतो, या सीनचा आणि एक्स्टसीचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, कोणीतरी विचारेलही. ब्रिटनमध्ये ते क्लास ए, म्हणजे सगळ्यात कडक वर्गातलं ड्रग आहे, नुसतं जवळ सापडलं तरी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि गोळीत नक्की काय आणि किती, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. मी नाही म्हणतो आणि कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. पण शेजारी कोणी तापलेलं, बडबडतंय, घाम थांबलाय, डोळे फिरलेत असं दिसलं तर विचार करत बसू नका. थेट मेडिकलवाले किंवा सिक्युरिटी, नाहीतर तिथला इमर्जन्सी नंबर 999. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि काय घेतलं ते माहीत असेल तर मेडिकलवाल्यांना खरं सांगा. मित्र चिडेल, चिडू दे.

जायच्या आधी पोटभर जेवा पण तासभर आधी, तडस लागेपर्यंत नाही. हे खरं तर वर लिहायला हवं होतं.

परतीचं आधी ठरवा, नाचून झाल्यावर डोकं चालत नाही. लंडनमध्ये शुक्रवार-शनिवारी रात्रभर ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, काही लाइन्स चालतात, बाकी शहरांत पहिली ट्रेन बऱ्याचदा पहाटे पाच-सहाला, आणि रविवारची तर अजून उशिरा. सहाला रात्र संपत असेल तर साडेपाचला क्लोकरूमला जा, सहाला लाइट लागले की तिथे अर्ध्या तासाची रांग होते. अर्थात तुम्ही जाणार नाही, कारण शेवटचा अर्धा तास डीजे सगळ्यांना पाठ असलेली गाणी लावतो. मग रांगेत उभे राहा आमच्यासारखे, कान गुंग, पाय ठणकतायत, आणि पाऊचमध्ये क्लोकरूमचं ते ओलं झालेलं तिकीट शोधत, ज्यावरचा नंबर पुसला गेलाय. फोटो काढलाय ना?